सात किलोंचा हिशेब तिकीट काढतानाच दिसावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांत विमानाने जाणाऱ्या कुटुंबांत पहिल्यांदाच विमानात बसणारी माणसे पुष्कळ असतात. २००३ साली एअर डेक्कनने आपल्याकडे कमी दराच्या विमानसेवेची सुरुवात केली, तेव्हापासून सामान्य माणसासाठी हे दार उघडले, आणि ते उघडेच राहावे असे मला मनापासून वाटते. परंतु कमी दराचे तिकीट कमी दराचे का असते, हे त्या प्रवाशाला कोणी नीट सांगत नाही. जेवण, मनाजोगती जागा आणि सामान या गोष्टी भाड्यातून बाजूला काढून त्यांचे पैसे वेगळे घेतले जातात. त्यांपैकी जेवण आणि जागा यांच्यावाचून भागते, सामानावाचून मात्र भागत नाही. म्हणूनच विमानतळावर सगळ्यांत जास्त वाद, मनस्ताप आणि अनपेक्षित खर्च होतो तो बॅगांवरून, आणि त्याविषयी काही नेमक्या गोष्टी आपल्या दैनिकातून मांडाव्यात यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आपल्या देशातील बहुतेक कंपन्या हातातल्या बॅगेसाठी ७ किलोंची मर्यादा ठेवतात. इंडिगोच्या नियमानुसार बॅगेचे माप ५५ सें.मी. उंची, ३५ सें.मी. रुंदी आणि २५ सें.मी. जाडी यांच्या आत असावे लागते. हे माप चाके, वरची मूठ आणि बाहेरचे कप्पे धरून असते. दुकानात मात्र 'केबिन साइज' अशी चिठ्ठी लावलेल्या सगळ्याच बॅगांची मापे चाकांसह दिलेली नसतात. काही ठिकाणी ५५ सें.मी. ही केवळ पेटीची उंची असते आणि चाके धरली की बॅग काही सेंटिमीटरने वाढते. जाडी वाढवणारी जादा चेन असलेल्या बॅगेचेही तसेच आहे. ती चेन उघडली की पंचवीसची मर्यादा ओलांडली जाते आणि गेटजवळच्या मापाच्या चौकटीत बॅग बसत नाही. म्हणून खरेदीला जाताना मोजपट्टी सोबत न्यावी, बॅग जमिनीवर उभी करून चाकांपासून मुठीपर्यंत स्वतः मोजावी आणि मगच पैसे द्यावेत.

पण मापापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे ते रिकाम्या बॅगेचे वजन, आणि याच गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. कडक कवचाची, चार चाकांची, दिसायला देखणी केबिन ट्रॉली रिकामी असतानाच अडीच ते तीन किलो भरते. म्हणजे सात किलोंपैकी तीन किलो बॅगच खाते आणि प्रवाशाच्या वाट्याला चार उरतात. त्यातच चार्जरसह दोन किलोंचा लॅपटॉप ठेवला, तर कपडे, औषधे, मुलांचा खाऊ आणि कागदपत्रे यांच्यासाठी उरतात दोन किलो. याउलट दोन चाकांची कापडी बॅग दोन किलोंच्या आसपास मिळते, आणि चाके नसलेली चांगली सॅक तर एक-सव्वा किलोत होते. ज्यांना गुडघ्यांचा किंवा पाठीचा त्रास आहे त्यांनी चाकांची बॅगच घ्यावी, त्यात तडजोड नको. मात्र धडधाकट माणसाने दोन-तीन दिवसांच्या प्रवासासाठी कडक कवचाच्या ट्रॉलीचा आग्रह का धरावा, हे मला समजत नाही. कवचाचा खरा उपयोग चेक-इन केलेल्या, म्हणजे काउंटरवर सोपवलेल्या सामानाला होतो, कारण ते पट्ट्यावरून आपटत जाते. डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायच्या बॅगेला तेवढ्या संरक्षणाची गरज नसते.

आकाराचा मोहही आवरायला हवा. ५५ बाय ३५ बाय २५ या मापाच्या पेटीत सुमारे ४८ लिटर जागा होते. एवढी जागा कपड्यांनी दाबून भरली, तर वजन सात किलोंच्या पुढे जाणे अगदी सोपे आहे. त्यामुळे ३० ते ३५ लिटरची बॅग घेतली, तर ती जागेच्या मर्यादेनेच आपल्याला वजनाच्या मर्यादेत ठेवते. घरातून निघण्यापूर्वी वजन पाहण्यासाठी हातात धरायचा छोटा डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो, आणि तो नसेल तर घरच्या वजनकाट्यावर आधी बॅगेसह आणि मग बॅगेविना उभे राहून वजाबाकी केली तरी पुरेसा अंदाज येतो.

हातातल्या बॅगेखेरीज आणखी एक लहान वस्तू, म्हणजे पर्स किंवा लॅपटॉपची पिशवी, नेता येते. मात्र तिचा नियम प्रत्येक कंपनीचा निराळा आहे. इंडिगो या वस्तूला ३ किलोंपर्यंत वेगळी सूट देते. थायलंड-मलेशियाच्या सहलींसाठी आपल्याकडचे अनेक लोक ज्या एअर एशियाने जातात, तिच्या मूळ भाड्यात मात्र दोन्ही नगांचे मिळून ७ किलो धरले जातात. युरोपात तर चित्रच वेगळे आहे. रायनएअरच्या सर्वांत स्वस्त तिकिटावर फक्त समोरच्या आसनाखाली मावेल एवढीच पिशवी फुकट नेता येते. तिचे माप २०२५ मध्ये ४० बाय २५ बाय २० वरून ४० बाय ३० बाय २० सें.मी. करण्यात आले. भारतात जी ट्रॉली निर्धास्तपणे चालते, तिच्यावर तिथे पैसे भरावे लागतात. मुलाबाळांना भेटायला तिकडे जाणाऱ्या आणि तिथून स्वस्त तिकिटांनी दोन-चार शहरे पाहण्याचा बेत करणाऱ्या ज्येष्ठांनी ही गोष्ट आधीच तपासलेली बरी.

परदेशी प्रवासात आणखी एक खड्डा आहे. अमेरिकेहून अनेक तिकिटांवर प्रत्येकी २३ किलोंचे दोन नग आणता येतात. मुंबईला उतरून पुढे नागपूरला जाण्याचे तिकीट त्याच आरक्षणात असेल, तर साधारणपणे तीच मर्यादा पुढेही लागू राहते. ते तिकीट स्वतंत्रपणे, स्वस्तात मिळाले म्हणून काढलेले असेल, तर मात्र चेक-इन सामानासाठीचा देशांतर्गत १५ किलोंचाच नियम लागतो आणि उरलेल्या एकतीस किलोंचे पैसे किलोच्या दराने मोजावे लागतात. माझ्या परिचयातील एका वयस्क दांपत्याला अशा वेळी तिकिटापेक्षा जास्त रक्कम काउंटरवर भरावी लागली. नियम मोडण्याचा त्यांचा हेतू नव्हता; नियम बदलतो हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

काही वस्तूंबाबत तर जिवाचा प्रश्न असतो. पॉवर बँक चेक-इनच्या सामानात कधीही टाकू नये. ती हातातल्या बॅगेतच असावी आणि १०० वॉट-अवरपर्यंतची (वॉट-अवर म्हणजे तिच्यात साठणाऱ्या विजेचे माप) असावी. बाजारात सर्रास मिळणारी २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-अवरची असते, म्हणजे ती चालते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र कोणत्याच बॅगेतून नेता येत नाहीत, कारण तेलामुळे खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते. लेकीकडे जाताना खोबरे बांधून घेणाऱ्या आईला हे विमानतळावर कळावे, याचे मला फार वाईट वाटते.

विमान भरलेले असले, किंवा जळगाव-सोलापूरसारख्या ठिकाणी जाणारे लहान एटीआर जातीचे विमान असले, की डोक्यावरचे कप्पे पुरत नाहीत आणि नियमात बसणारी बॅगही दाराशी काढून घेऊन खाली सामानात टाकली जाते. ती देण्यापूर्वी पॉवर बँक, औषधे, दागिने, घराच्या किल्ल्या आणि कागदपत्रे काढून घ्यावीत. यासाठीच या वस्तू एका लहान पिशवीत, सगळ्यांत वर ठेवलेल्या असाव्यात. देशांतर्गत प्रवासात सामान हरवले तर भरपाईची कमाल मर्यादा २०,००० रुपये आहे, हेही लक्षात असू द्यावे.

कंपन्यांची बाजू मला मान्य आहे. जड बॅग कप्प्यातून पडली तर खाली बसलेल्याला इजा होते, आणि बॅगा कोंबण्यात वेळ गेला की पुढचे प्रत्येक उड्डाण रखडते. वजनाची मर्यादा असावीच. परंतु मर्यादा असणे आणि ती शेवटच्या क्षणी दाखवून पैसे वसूल करणे, या दोन गोष्टी एक नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये चेक-इन सामानाविना कमी भाड्याची तिकिटे विकण्यास परवानगी दिली, तेव्हाच अट घातली होती की, असा प्रवासी सामान घेऊन काउंटरवर आला तर लागणारे शुल्क वाजवी असावे, आरक्षण करताना ते ठळकपणे दाखवावे आणि तिकिटावर छापावे. युरोपीय संघाच्या न्यायालयानेही २०१४ मध्ये व्ह्युएलिंग या स्पॅनिश विमान कंपनीच्या प्रकरणात म्हटले आहे की, हातातले सामान हा प्रवासाचा आवश्यक भाग असून ते वजन व माप यांच्या वाजवी मर्यादेत असेल तर त्यासाठी जादा पैसे आकारता येत नाहीत.

माझी विनंती एवढीच आहे की, महासंचालनालयाने २०२१ ची तीच अट हातातल्या बॅगेलाही लावावी. किती किलो, किती सेंटिमीटर, दुसरी लहान वस्तू त्यात धरली आहे की नाही, आणि गेटवर जादा वजन निघाल्यास प्रतिकिलो किती रुपये, या चार गोष्टी पैसे भरण्याच्या पानावरच, भाड्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत असाव्यात आणि महाराष्ट्रातून सुटणाऱ्या विमानांसाठी मराठीतही असाव्यात. गेटवरच्या काट्यावर वैधमापनाचा, म्हणजे काटा सरकारी तपासणीत अचूक ठरल्याचा शिक्का प्रवाशाला दिसेल असा असावा, आणि तो नसेल तर प्रवाशांनी निःसंकोच विचारणा करावी. तक्रारीसाठी एअरसेवा हे सरकारी ॲप आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक उपलब्ध आहे. आमच्या नाशिक-सिन्नर पट्ट्यात बॅगांचे मोठे कारखाने आहेत. त्या उत्पादकांनी आणि राज्यातील विक्रेत्यांनी प्रत्येक केबिन बॅगेच्या चिठ्ठीवर चाकांसह बाहेरचे माप आणि रिकामे वजन छापायला सुरुवात करावी. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक