दृढीकरणाचा वर्ग घेणाऱ्या मित्रास

नगर, रविवार संध्याकाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुमच्या ख्रिस्ती मंडळीने यंदा दृढीकरणाचा वर्ग, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांना आपल्या विश्वासाची जाहीर कबुली देण्यासाठी तयार करणारा वर्ग, तुझ्याकडे सोपवला, हे वाचून फार आनंद झाला. ज्या गोष्टींविषयी आपल्याच मनात शंका आहेत त्या मुलांना कोणत्या तोंडाने शिकवायच्या, असे तू विचारले आहेस. हा प्रश्न तुला पडला, म्हणूनच हे काम तू घ्यावेस असे मला वाटते; ज्यांना तो कधी पडतच नाही, त्यांच्या वर्गातली मुले पाठांतर उत्तम करतात आणि दृढीकरण उरकले की उपासनेला दिसेनाशी होतात.

पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, असे याकोबाने नव्या करारातील आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात बजावले आहे आणि लगेच तो जिभेकडे वळला आहे. श्रद्धेची भाषा जिभेला फार लवकर सरावाची होते, आणि मग ‘प्रभूने मला सांगितले’ हे वाक्य आपण कशाच्या आधारावर उच्चारतो, याचा विचारही मनात येत नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्याच्या आधारावर तू स्वतः जगतोस ते ठामपणे सांग, मंडळी जे मानते ते मंडळीचे म्हणून काटछाट न करता शिकव, आणि या दोहोंत जिथे अंतर असेल ते मुलांपासून लपवू नकोस.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या बाबतीत मला फार मोलाचे वाटते. त्यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतरही त्रैक्याविषयी (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीविषयी) आणि चर्चच्या अधिकाराविषयी वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून कडाक्याचा वाद चालू राहिला, आणि जे स्वतःला पटले नाही ते केवळ वरून सांगितले जाते म्हणून कबूल करण्यास त्यांनी साफ नकार दिला. तेव्हाच्या हितचिंतकांना हा हट्ट वाटला. त्याच बाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारले आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे वेचली.

आमच्या वर्गात गेल्या पावसाळ्यात एका मुलीने विचारले, ‘आमची आजी बाप्तिस्मा न घेताच वारली. ती आता कुठे आहे?’ तिच्या वहीच्या कोपऱ्यात प्रश्न आधीच पेन्सिलीने लिहिलेला होता, म्हणजे तो बरेच दिवस तिच्या मनात होता. मी तिला सांगितले की याचे उत्तर मला ठाऊक नाही; सर्व जगाचा न्यायाधीश योग्य तोच न्याय करील, हा अब्राहामाचा भरवसा मात्र माझाही आहे. तिचे समाधान झाले की नाही, कोण जाणे. पण पुढच्या रविवारी ती आणखी दोन प्रश्न घेऊन आली.

दुसरी गोष्ट सक्तीविषयीची. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० मध्ये. मधल्या वर्षांत त्या घराने किती ताटातूट आणि किती लोकनिंदा सोसली, हे आपण नगरकरांनी लहानपणापासून ऐकले आहे. तरी लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या विचाराने. टिळक तर म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. ज्या पुलावरून आलो तो मोडायचा नाही, एवढी कृतज्ञता शिकवणाऱ्याच्या अंगी असावीच. मुलांसमोर शेजाऱ्याच्या देवाची टिंगल करून आपला विश्वास बळकट होतो असे मानणारे आपल्यात आहेत; तू त्यांच्या वाटेला जाऊ नकोस.

गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण मला अतिशय प्रिय आहे, हे तुला ठाऊकच आहे. १६१६ साली छापलेल्या त्या ग्रंथात श्रोते शंका विचारतात आणि गुरू ओव्यांतून उत्तरे देतो. अशी रीत आपल्या वर्गांतून का गेली, हे मला कळत नाही. मात्र गोव्यातल्या ज्या साष्टीत या ओव्या रचल्या गेल्या, तेथील देवळे १५६७ च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेने पाडलेली होती. शब्द कितीही गोड असले तरी मागे तलवार उभी असेल, तर ऐकणाऱ्याचा होकार खरा किती हे सांगणाऱ्यालाही कळत नाही. आज तलवार नाही, पण शाळेतला प्रवेश, वसतिगृहातली जागा, आजारपणातली मदत यांचा तसाच उपयोग होऊ शकतो. मदत जरूर करावी. तिच्या बदल्यात विश्वासाची अपेक्षा मनातसुद्धा ठेवू नये. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला, त्यामागे मला हीच जाणीव दिसते.

पहिल्या रविवारी प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे उपासनेत म्हटला जाणारा श्रद्धेचा जाहीरनामा, शिकवायला घेण्याआधी मुलांना नाव न घालता आपापले प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायला सांग आणि त्या चिठ्ठ्यांतले जे तुला अवघड वाटतील ते मला कळव. पाळकसाहेबांनाही त्या आधीच दाखव, म्हणजे पुढे गैरसमज व्हायला नको. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना वर्गमित्र