आबांच्या वेळी येता आलं नाही म्हणून

मॅडिसन, विस्कॉन्सिन
ऑगस्ट २०२१

ती. आण्णा आणि आई,
सा. नमस्कार.

तब्येत चांगली आहे, लसीचे दोन्ही डोस झालेत, दोन्ही वेळा जेवतो. आई विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

आण्णा, परवा फोनवर तुम्ही नुसतं "बरं, बरं" करून फोन आईकडं दिलात, तेव्हाच कळलं राग गेलेला नाही. आपले आमदार गणपतआबा देशमुख गेले आणि आपल्या घरातला पोरगा सांगोल्यात नव्हता, हे मला काय कळत नाही का? पण मे महिन्यापासून भारतातून येणाऱ्यांना इथं बंदी आहे आणि मुंबईत व्हिसाच्या स्टॅम्पिंगला तारीख मिळत नाही, आलो असतो तर तिकडंच अडकलो असतो, नोकरी गेली असती आणि मग तुम्हीच म्हणाला असता की कुणी सांगितलं होतं यायला. आणि करोनात एवढ्या गर्दीत तुम्ही गेलात, ते चाललं होय?

तुम्ही एकदा विचारलं होतं, तिकडं असतो का असला आमदार. आहे, आणि नेमका माझ्याच गावात निघाला. फ्रेड रिसर नाव. आबांचा जन्म ऑगस्ट १९२६ चा, ह्यांचा मे १९२७ चा. १९५७ ला इथल्या असेंब्लीत, म्हणजे राज्याच्या विधानसभेत आले, मग १९६२ ला सिनेटला, म्हणजे वरच्या सभागृहात, आणि ह्या जानेवारीत निवृत्त झाले. ६४ वर्षं! सगळ्या अमेरिकेत कुठल्याच राज्यात एवढा कुणी टिकलेला नाही. बाप, आजोबा, पणजोबा सगळे आमदार. घराणेशाही इथंपण आहे, फक्त तिच्यावर कुणी बोंब मारत नाही.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. २०११ ला इथं सरकारी कामगारांच्या युनियनचे हक्क काढून घ्यायचं बिल आलं. सिनेटमध्ये एकूण ३३ जण, पैशाच्या बिलाला २० हजर पाहिजेत, सत्ताधाऱ्यांकडं १९. तर विरोधी पक्षाचे चौदाच्या चौदा जण उठून शेजारच्या इलिनॉय राज्यात जाऊन बसले, त्यात ८३ वर्षांचे रिसर. शेवटी समोरच्यांनी बिलातला पैशाचा भाग काढून ते पास करून घेतलंच, पण तीन आठवडे सरकार ताटकळलं ना.

तरी खरं सांगू का, दोघांना एका पारड्यात टाकवत नाही. रिसरांची सीट मॅडिसनची, इथं त्यांच्या पक्षाचा कुणीपण उभा राहिला तरी येतो. आबांचं तसं कुठं होतं? पक्ष शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, १९६२ पासून निम्मा महाराष्ट्र इकडून तिकडं उड्या मारत गेला आणि हे आपले तिथंच. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद सरकारात आणि १९९९ ला मंत्रिपद, बाकीची बहुतेक वर्षं विरोधी बाकावर. १९७२ ला पडले, १९९५ ला तर १९२ मतांनी पडले, १९२ म्हणजे आपल्या वाडीतली चार-पाच भावकी झाली की हो! आणि परत १९९९ ला उभे राहून आले. अकरा वेळा एकाच सांगोल्यातून. नागनाथअण्णा नायकवडींबरोबर त्या आटपाडीच्या पाणी परिषदा वर्षानुवर्षं, टेंभू-म्हैसाळ योजनांचं पाणी पाणी करत. इथल्या ऑफिसातल्या लोकांना सांगितलं की आमचा आमदार एस्टीनं फिरायचा, तर ते म्हणाले, मग त्यात काय. त्यांना कसं समजवायचं तेच कळेना, सोडून दिलं.

बरं, इथली एक गंमत अजून डोक्यात बसत नाही. निवडणूक आली की लोक दारातल्या गवतात पाटी लावतात. बॅनर नव्हे, दोन फुटाची प्लास्टिकच्या पुठ्ठ्याची पाटी, खाली तारेचे दोन पाय, ते मातीत खुपसायचे की झालं. वर उमेदवाराचं नाव, बास. हात जोडलेला फोटो नाही, साहेब नाहीत, शुभेच्छुक तर नाहीतच. कार्यकर्ता येऊन लावून गेला असंही नाही, घरमालक स्वतः मागून आणतो, काही जण तर विकत घेतात! मागच्या वर्षी माझ्या घरमालकाच्या गवतात बायडन आणि शेजाऱ्याच्या गवतात ट्रम्प, मधे कुंपणसुद्धा नाही, आणि बर्फ पडलं की तोच शेजारी मशीन घेऊन ह्यांची वाट मोकळी करून देतो. आपल्या गोठ्याच्या भिंतीवर शेकापची खूण खटारा रंगवला होता तेव्हा थोरल्या चुलत्यांनी दिवाळीपर्यंत बोलणं टाकलं होतं, आठवतंय? हे लोक घरात जाऊन एकमेकांना काय म्हणतात कुणास ठाऊक, वरून तरी सगळं गोड.

आता पैशाचं. दोन लाख पाठवलेत, सोमवारपर्यंत जमा होतील. त्यातून आधी सोसायटीचं कर्ज भागवा. डाळिंबाला तेल्या रोग आलाय हे मला धाकटीकडून कळलं, तुम्ही का नाही सांगितलंत? मी इतक्या लांब आहे म्हणून सांगायचं नाही असं करू नका, लांब आहे म्हणूनच विचारतो.

धाकटीचं लग्न मार्गशीर्षात धरा. तोवर बंदी उठली तर येतोच, नाही उठली तर माझ्यासाठी तारीख पुढं ढकलू नका. हे दोनदा खोडून लिहिलंय. मांडवाचा आणि जेवणाचा खर्च माझा, त्यावर वाद नको.

आई, आटपाडीच्या स्थळाचा फोटो बघितला. मुलगी चांगली दिसते, पण तिला इथली उणे वीसची थंडी कुणी सांगितली आहे का? आधी ते विचार, मग मी हो-नाही सांगतो, लगेच त्यांना शब्द देऊन मोकळी होऊ नकोस. आणि आण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्या दोन लाखांत धरू नका, त्याचे वेगळे पाठवतो, डॉक्टरांनी किती सांगितलेत तेवढं कळवा.

तुमचा,
बाळू