पटाचा आकडा एकटा छापू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जून उजाडला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जिल्हा परिषद शाळांचा पट घसरल्याच्या बातम्या सुरू होतात. घसरण खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण बातमीत ज्या दोन आकड्यांची तुलना असते ते बहुतेक वेळा एकमेकांशी जुळणारेच नसतात, आणि शाळा बंद करण्याची चर्चा पुढे त्यांच्यावरच उभी राहते.

आधी हद्द पाहावी. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, त्याआधीच्या तक्त्यांतल्या रत्नागिरी जिल्ह्यात ते नाही. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा निघाला. त्यामुळे १९७१ चा आकडा आजच्या रत्नागिरीशेजारी मांडला, तर हजारो मुले केवळ हद्द बदलल्याने ‘कमी’ होतात. कुलाब्यातही, म्हणजे आजच्या रायगडात, जंजिरा संस्थान १९४८ मध्येच मिळाले, आणि ठाण्यातून पालघर २०१४ ला निघाला. दुसरी गोष्ट इयत्तांची. ‘प्राथमिक’ म्हणजे कुठे पहिली ते चौथी, कुठे पहिली ते सातवी, तर शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवी. शिवाय पाचवी कितीतरी गावांत हायस्कुलाला जोडलेली. तक्त्याच्या डोक्यावर इयत्ता लिहिलेल्या नसतील तर तो तक्ता सरळ बाजूला ठेवावा.

पट मोजण्याची रीतही बदलत गेली आहे. संचमान्यतेसाठी, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्यासाठी, ३० सप्टेंबरचा पट धरण्याची पद्धत जुनी. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली, आणि कागदावरची नावे उडाली. त्यानंतर मुलांची नोंद ऑनलाइन ठेवणारी सरल प्रणाली आली, आणि आता तर आधार जुळलेले मूलच संचमान्यतेत धरले जाते. जन्मतारखेत किंवा नावात एक अक्षर इकडचे तिकडे झाले की वर्गात रोज बसणारे मूल गणतीबाहेर. अशा वर्षी पट पाचाने घटला म्हणजे पाच मुले शाळा सोडून गेली असे होत नाही.

गावात मुलेच उरली नाहीत की मुले आहेत पण खासगी शाळेच्या गाडीत बसून जातात, हे वेगळे काढता येते, पण कोणी काढत नाही. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. ही मुंबईची ओढ. चाकरमान्याने बिऱ्हाड नेले की मुलांची नावे तिकडच्या शाळेत लागतात. पहिलीला येऊ शकणारी मुले किती हे पाहायला ग्रामपंचायतीची जन्मनोंद वापरू नये: बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात किंवा माहेरी होते आणि नोंद तिथेच राहते. अंगणवाडीची सर्वेक्षण नोंदवही घ्यावी, सहा वर्षे पूर्ण होणारी नावे काढावीत आणि ती दाखल-खारीज रजिस्टरातल्या पहिलीच्या प्रवेशांशी ताडावीत. जी नावे जुळत नाहीत त्यांच्या घरी विचारले की अर्ध्या दिवसात एका गावाचे चित्र स्पष्ट होते.

हजेरीबद्दल तर कोणी बोलतच नाही. रोजच्या हजेरीची बेरीज भागिले कामाचे दिवस म्हणजे सरासरी उपस्थिती. इथे गोम अशी, की जुलैत वहाळाला (ओढ्याला) पाणी आले, साकव म्हणजे छोटा पूल बुडाला आणि शाळेला स्थानिक सुट्टी दिली, तर तो दिवस भागाकारातूनच वगळला जातो आणि टक्केवारी छान दिसते. उलट सुट्टी न देता शाळा उघडी ठेवली आणि पलीकडच्या वाडीतली मुले आली नाहीत, तर टक्का पडतो. रायगडात कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती मेअखेर परततात. ३० सप्टेंबरला मूल हजर असते, डिसेंबरात नसते. पट तसाच राहतो. पडताळा हवा असेल तर पोषण आहाराची साठा नोंदवही पाहावी. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे १८ मुलांना १ किलो ८०० ग्रॅम. तांदूळ आणि हजेरी जुळत नसेल तर दोहोंपैकी एक नोंद चुकीची.

शिक्षकांच्या बाबतीत ‘मंजूर’ पदे सांगून भागत नाही. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक शाळेला किमान दोन शिक्षक हे तत्त्व आणले. शिक्षण हक्क कायद्याने ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हे कायद्यात लिहिले. आणि १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने २० पर्यंतच्या पटाला एक नियमित शिक्षक, दुसरा लागलाच तर शक्यतो सेवानिवृत्तांतून, असे केले. माझ्या मते कोकणावर याइतका मोठा परिणाम करणारा निर्णय अलीकडे झाला नाही, कारण इथल्या वाडीवरच्या शाळांचा पट वीसच्या आसपासच घुटमळतो. त्यात भरतीत घाटावरचा, मराठवाड्याचा उमेदवार इथे येतो आणि आंतरजिल्हा बदलीने परत जातो. त्याला दोष देता येत नाही, पण पद रिकामेच राहते. स्थानिक डी.एड. उमेदवारांची ओरड त्यातूनच आहे.

जिल्ह्याचे सरासरी प्रमाण फसवे असते. समजा नऊ शाळांत प्रत्येकी १२ मुले व दोन शिक्षक, आणि बाजारपेठेच्या एका शाळेत १८० मुले व पाच शिक्षक. एकूण २८८ मुलांना २३ शिक्षक, म्हणजे प्रमाण साडेबारा! कागदावर शिक्षक जास्त. प्रत्यक्षात मोठ्या शाळेत एकामागे ३६ मुले, आणि वाडीवर एक शिक्षक रजेवर गेला की दुसऱ्याकडे सगळ्याच इयत्ता. तो दुसराही मतदारयादीच्या कामावर असेल तर विचारूच नका.

शाळा एकत्र करण्याच्या प्रस्तावात अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजले जाते. खाडीपलीकडची शाळा नकाशावर अर्धा किलोमीटर, रस्त्याने सहा. पहिलीच्या मुलासाठी कायद्याची कल्पना एक किलोमीटरची आहे. ते अंतर पायवाटेने आणि पावसाळ्यात मोजावे.

तेव्हा आपल्या वार्ताहरांनी गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडून पटाबरोबर आणखी एवढे मागावे: तो पट कोणत्या तारखेचा व कोणत्या इयत्तांचा, आधार न जुळलेली मुले किती, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीची सरासरी उपस्थिती, आणि मंजूर, कार्यरत, कामगिरीवर (तात्पुरते दुसरीकडे) पाठवलेले व कंत्राटी शिक्षक वेगवेगळे. ही सगळी माहिती शाळेच्या मासिक पत्रकांत आणि संचमान्यतेच्या कागदांत असतेच. तोंडी मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज पुरतो.

आपला,
एक वाचक, चिपळूण