आई, आधी एक्स-रे काढ

लेस्टर

ती. आईस,
सा. न.

परवा बाबा फोनवर म्हणाले की खुर्चीतून उठलीस की पहिली चार पावलं तुला भिंत धरावी लागते, मग दुखणं कमी होतं. तू 'थंडीचं असेल' म्हणून विषय बदललास. पण बदललेल्या गुडघ्याचं हे असं दुखणं इम्प्लांट, म्हणजे आत बसवलेला कृत्रिम सांधा, सैल झाल्याची खूण असू शकते गं.

घाबरवायला लिहीत नाही. असे बदललेले सुमारे 82 टक्के गुडघे 25 वर्षं टिकतात. उरलेल्यांचं काय होतं ते मात्र मी ऑपरेशन थिएटरमध्ये बघते. मागच्या आठवड्यात एका आजींचा गुडघा पुन्हा उघडला. दोन धातूंमधली प्लास्टिकची चकती आतल्या बाजूने झिजून पार पातळ झालेली, वर खड्डे. त्या झिजेचे बारीक कण आजूबाजूला पसरतात, शरीर त्यांच्यावर तुटून पडतं आणि त्यात आपलंच हाड विरत जातं. खालची धातूची प्लेट दोन हलक्या ठोक्यांत हातात आली. पक्की असती तर सिमेंट करवतीने कापावं लागलं असतं! हाड इतकं गेलं होतं की नवीन प्लेटला लांब दांडा जोडून तो हाडाच्या पोकळीत उतरवावा लागला. दुखणं अंगावर काढलं की असं होतं.

तेव्हा याच आठवड्यात सर्जनना दाखव. एक्स-रे उभं राहून काढायचा, जुना सोबत ने. रक्ताची सीआरपी तपासणीही होईल, तिच्यात शरीरातला दाह कळतो, कारण जंतुसंसर्ग नाही ना हे आधी बघावं लागतं. आणि एक नीट ऐक, त्याआधी कुणी 'गोळ्या घेऊन बघू' म्हणालं तरी मनाने अँटिबायोटिक सुरू करू नकोस. सांध्यातलं पाणी काढून तपासतात, गोळ्या घेतल्या असतील तर त्यात जंतू असूनही न सापडण्याची भीती असते. गुडघा लाल, गरम झाला किंवा ताप आला तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ.

बाबांना ऑपरेशनची फाईल काढायला सांग. त्यात इम्प्लांटचे स्टिकर असतील, कंपनी आणि लॉट नंबर असलेले. त्यांचा फोटो पाठव. 2022 मध्ये एक्झॅक्टेक कंपनीने गुडघ्याच्या चकत्या परत मागवल्या, कारण पाकिटाला ऑक्सिजन अडवणारा एक थर कमी होता आणि प्लास्टिक लवकर झिजण्याचा धोका होता. तुझा गुडघा कुठला, हे स्टिकरवरूनच कळेल. नुसती चकती बदलायची झाली तरी सर्जनना ती माहिती लागतेच.

खर्चाचं मी बघते. रविवारी फोन करेन, तोवर अपॉइंटमेंट घेतलेली असू दे.

तुझी,
मीनू