पॉइंट गार्डनेही गुण करावेत

संपादक महोदय,

‘पॉइंट गार्डने चेंडू पुरवायचा, गुण इतरांनी करायचे’ हे आपल्या क्रीडा पानावरचे वाक्य शाळकरी मुलांना बास्केटबॉल शिकवण्यात हयात घालवलेल्या मला पटले नाही. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ रचणारा खेळाडू. एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधल्या जॉन स्टॉकटनपुरते ते वाक्य ठीक आहे: कारकिर्दीत १५,८०६ असिस्ट (ज्यांवर सहकारी बास्केट करतो असे पास), गुण मात्र सामन्याला सरासरी १३. पण १९७२-७३ मध्ये जेमतेम सहा फूट उंचीचा नेट आर्चिबाल्ड एनबीएत गुण (सरासरी ३४) आणि असिस्ट (११.४) दोन्हींत पहिला आला होता. तेही तीन गुणांची रेषा (जिच्याबाहेरून केलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात) नसताना!

सेंटर, म्हणजे सहसा संघातला सर्वांत उंच खेळाडू, रिंगखालून बास्केट करतो, म्हणून त्याचे शॉट यशस्वी होण्याची टक्केवारी सहसा जास्त दिसते. गार्डला लांबून नेम धरावा लागतो. तरीही २०१५-१६ मध्ये स्टीफन करीने ४०२ तीन-गुणी बास्केट केले, सरासरी ३०.१ गुणांसह लीगमध्ये अव्वल ठरला. निम्म्याहून अधिक शॉट रेषेबाहेरून घेऊनही त्याची टक्केवारी ५० च्या वर होती. याला काय म्हणायचे?

आपल्या शालेय स्पर्धांत मात्र बुटक्या मुलाच्या हाती चेंडू आला, की बाहेरून ओरडा सुरू: ‘मारू नकोस, पास दे!’ प्रशिक्षकांनी तो आता बंद करावा.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नागपूर