कार्नेगींनी फक्त इमारत दिली

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील लेखात ‘अँड्र्यू कार्नेगी यांनी अडीच हजार ग्रंथालये चालवली’ असे म्हटले आहे. या अमेरिकन पोलाद उद्योगपतींनी ती चालवली नाहीत, बांधून दिली. इमारती २,५०९, त्यांतल्या सोळाशेहून अधिक अमेरिकेत. पुस्तके, पगार, सरपण हा सगळा भार गावाचा.

पद्धत अशी होती. गावाने पत्र लिहायचे. कार्नेगींचे सचिव जेम्स बर्ट्रम छापील प्रश्नावली पाठवत: लोकसंख्या किती, सध्याचे ग्रंथालय कुठे, जागा आहे का, कर किती लावाल? मंजुरी साधारण माणशी २ डॉलर या हिशेबाने मिळे. जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी करातून खर्च करण्याचा ठराव करायचा. म्हणजे १०,००० डॉलर मिळाले, की दरसाल १,००० डॉलरची बांधिलकी. म्हणून तर दोनशेहून अधिक गावांनी ही देणगी घेतलीच नाही.

सुरुवातीला पैसा भलतीकडे जाई. घुमट, भव्य जिने, शेकोट्या, आणि वाचायला जागा तोकडी. १९११मध्ये बर्ट्रम यांनी सूचनापत्रच काढले. तळघर आणि वर एकच मजला, सभागृह तळघरात, मागच्या भिंतीच्या खिडक्या जमिनीपासून सहा फूट वर, म्हणजे खाली कपाटे बसतात. गवंड्यालाही कळेल असा हा कागद होता! तरी ठराव पाळण्यात गावे मागे पडत. अर्थतज्ज्ञ ॲल्विन जॉन्सन यांच्या पाहणीत प्रशिक्षित ग्रंथपालांची वानवा ठळक दिसली. १९१७मध्ये नव्या इमारतींना पैसे देणे थांबले.

लेखात होमस्टेडचा, म्हणजे कार्नेगींच्या पोलाद कारखान्याच्या गावाचा, उल्लेखही नाही. १८९२च्या संपात तिथे पिंकर्टन या भाडोत्री सुरक्षा संस्थेची माणसे आणि कामगार यांच्यात गोळीबार झाला, माणसे मेली. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होते. त्याच गावात १८९८मध्ये त्यांचे ग्रंथालय उभे राहिले. पोलाद कारखान्यात बारा तासांची पाळी करणारा तिथे कधी जाणार?

महाराष्ट्राच्या १९६७च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद नाही. मद्रासच्या १९४८च्या कायद्यात ग्रंथालयांसाठी मालमत्ता करावर अधिभार होता. कार्नेगींचे नाव आपल्याकडे घेताना त्यांच्या दहा टक्क्यांची अटही सांगावी, ही विनंती.

– एक ग्रंथपाल, सातारा