दोघांनाही एकदम ताप आला तेव्हा

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात माझा आवाज असा बसल्यासारखा का येतो, असे आईने फोनवर दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा मी ‘हवा बदलली आहे’ असे सांगून वेळ मारून नेली. खरे म्हणजे आम्ही दोघेही तेव्हा फ्लूने आडवे झालो होतो. आता ताप गेला आहे, खोकला तेवढा रेंगाळतो आहे. तुमच्यापासून हे लपवले म्हणून अवश्य रागवा. फक्त त्याआधी पत्र पुरते वाचा, कारण लपवण्याची ही कला मी कोणाकडून शिकलो, तेही त्यात आले आहे.

आधी ताप आला तुमच्या सूनबाईंना. मी मोठ्या शहाणपणाने तिचे अंथरूण वेगळ्या खोलीत घातले, दारे-खिडक्या उघडल्या, भांडी वेगळी केली आणि दोन दिवसांनी मीही कुडकुडत तिच्या शेजारी येऊन पडलो. डॉक्टर म्हणाले, माणूस आजारी दिसू लागण्याच्या आदल्या दिवसापासूनच फ्लू पसरवू लागतो आणि लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण दोन दिवस जातात. म्हणजे मी खोली वेगळी करण्याच्या गडबडीत होतो तेव्हा दुखणे बहुधा माझ्या अंगात शिरून बसलेले होते.

एक आजारी आणि एक धडधाकट असला की घराचे काम कसेबसे निभते, हे आपण सगळेच जाणतो. दोघेही आजारी पडले की मात्र एक चमत्कारिक चढाओढ सुरू होते. तिला १०२ ताप असताना ती मला म्हणे, ‘तुम्ही पडून राहा, मला आता बरे वाटते आहे’, आणि मी भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन तेच वाक्य तिला ऐकवी. तिसऱ्या रात्री तीनच्या सुमारास मला भयंकर तहान लागली होती. पाण्याचा तांब्या तिच्या बाजूला होता. हात लांबवला तर तिची झोप मोडेल म्हणून मी घशाला कोरड पडलेली असताना निपचित पडून राहिलो. सकाळी कळले की तीही जागीच होती, तिलाही पाणी हवे होते, आणि मी झोपलो आहे असे समजून तिने तांब्याला हात लावला नव्हता. भरलेला तांब्या मध्ये ठेवून आम्ही दोघांनी रात्रभर एकमेकांची झोप राखली होती. आम्ही हसायला गेलो आणि दोघांनाही खोकल्याची उबळ आली.

गोळ्यांचा घोटाळा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दोघांच्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या एकाच पाकिटातून जात होत्या, आणि रात्रीची गोळी कोणी घेतली, कोणी घ्यायची राहिली, हे तापलेल्या डोक्याला आठवेना. त्यातच सर्दीसाठी आणलेल्या दुसऱ्या औषधातही पॅरासिटामॉलच आहे, हे तिने चष्मा लावून वेष्टनावर वाचले म्हणून कळले. नाहीतर तेच औषध आम्ही दोन नावांनी घेत राहिलो असतो. मोठ्या माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा आहे, आणि वयस्कर किंवा किरकोळ प्रकृतीच्या माणसाला डॉक्टर त्याहूनही कमी सांगतात, कारण जास्त झाल्यास यकृताला इजा होते. त्या दिवसापासून पलंगाशी एक वही ठेवली. एका पानावर तिचे, समोरच्या पानावर माझे: वेळ, ताप, गोळी आणि किती पाणी प्यालो.

ती वही लिहिता लिहिताच मला तुमची आठवण झाली. मागच्या वर्षी तुम्हा दोघांनाही ताप आला होता, हे आम्हाला आठ दिवसांनी कळले, आणि तेही आईच्या तोंडून चुकून निघून गेले म्हणून. त्या आठ दिवसांत मी रोज फोन करत होतो. बाबा म्हणत, ‘आम्ही ठीक आहोत’. आता मला कळते की ते ‘आम्ही’ आईला विचारून म्हटलेले नसे, आणि आईही बाबांकडे पाहून गप्प बसत असेल.

बाबा, तुमच्या वयात दुखणे आमच्यासारखे चालत नाही. उतारवयात अंगात संसर्ग असूनही ताप फारसा चढत नाही. तहानेची जाणीव कमी झालेली असते, त्यामुळे शरीरातले पाणी घटले तरी कळत नाही. आणि कधीकधी पहिले लक्षण म्हणजे माणूस असंबद्ध बोलू लागतो किंवा उठताना तोल जातो, एवढेच असते. हे त्या माणसाला स्वतःला समजत नाही, जोडीदाराने ओळखावे लागते, आणि जोडीदारही तापात असला तर ओळखणार कोण? म्हणून मला तुमच्या घरात तिसरे कोणीतरी हवे आहे. पहिल्याच दिवशी मला फोन करा आणि शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन ठेवा. फ्लूवरचे विषाणूरोधी औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर अधिक उपयोगी पडते. आठव्या दिवशी कळून मी काय करणार? धाप लागली, छातीत दुखले, शुद्ध हरपल्यासारखी वाटली किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर माझ्या फोनचीही वाट पाहू नका, थेट डॉक्टरांना गाठा. तुमच्या रक्तदाबाच्या आणि आईच्या साखरेच्या गोळ्यांचे आजारपणात काय करायचे, हे आजच, बरे असताना, डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. आणि फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. मागची घेतली म्हणून या वर्षीची चुकवू नका.

आई, तुला एक वेगळे सांगायचे आहे. लहानपणी तुम्ही दोघे एकदम आजारी पडल्याचे मला आठवतच नाही. तेव्हा वाटे, आपले आई-बाबा आजारी पडतच नाहीत. आता वाटते, बाबा चादर ओढून झोपलेले आणि तू ओट्याशी एका हाताने कपाळ दाबून उभी, अशी जी एक सकाळ माझ्या डोळ्यांसमोर आहे, ती तुम्ही दोघेही आजारी असतानाचीच असणार. त्या दिवशी तुला किती ताप होता, हे आता तरी सांग.

शनिवारी आम्ही दोघे येत आहोत. येताना गोळ्यांचे दोन डबे, दोन थर्मामीटर आणि एक वही आणतो. बाबांचा डबा निळा ठेवू. आईला कोणता रंग हवा ते तिने स्वतः फोनवर सांगावे, बाबांकरवी नको.

आपला,
चिरंजीव